बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते का?

नववी-दहावीच्या किंवा अकरावीच्या वर्गात फळ्यावर पुढील दोन वाक्ये लिहावीत आणि त्यांतले बरोबर कोणते, असे मुलांना विचारावे.

(अ) रासायनिक बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते.
(ब) रासायनिक बंध तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.

बहुधा दोन्ही वाक्यांना हात वर होतील. काही मुले तर दोन्ही वेळा हात वर करतील. त्यांना दोष देता येत नाही, कारण ही दोन्ही वाक्ये त्यांनी शाळेतच ऐकलेली असतात. रसायनशास्त्राच्या तासाला बंध-ऊर्जेची व्याख्या सांगताना पहिले वाक्य येते. जीवशास्त्राच्या तासाला पेशीतील श्वसन शिकवताना ‘एटीपीमधील बंध तुटतो आणि ऊर्जा मुक्त होते’ असे दुसरे वाक्य येते. इंधनांच्या धड्यात ‘इंधनाच्या बंधांत साठवलेली ऊर्जा ज्वलनाने बाहेर पडते’ असे तिसरेच काहीतरी येते. मुले तिन्ही वाक्ये वेगवेगळ्या वह्यांत लिहून घेतात. त्या वह्या कधी एकमेकींशेजारी उघडून ठेवल्या जात नाहीत, म्हणून विसंगती लक्षात येत नाही.

यांपैकी पहिले वाक्य बरोबर आहे आणि दुसरे चूक. शाळा-महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात भेटणाऱ्या कोणत्याही रेणूतला कोणताही बंध घ्या. तो तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. मग शेगडीतून मिळणारी उष्णता येते कोठून? पेशीला एटीपीपासून ऊर्जा मिळते ती कशी? या प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते जोडणाऱ्या बंधांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

नारळ आणि चुंबक

दुसरे वाक्य पटते, कारण त्यामागचे चित्र ओळखीचे आहे. नारळ फोडला की आतले पाणी बाहेर येते. तसा बंध फोडला की आतली ऊर्जा बाहेर येते, अशी कल्पना मनात तयार होते. ‘साठवलेली’ हा शब्दही त्याच चित्राला खतपाणी घालतो.

बंधासाठी नारळापेक्षा चुंबकाचे उदाहरण अधिक योग्य. दोन चुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतील असे धरा आणि सोडून द्या. ते खट्‌कन एकमेकांना चिकटतात. तो आवाज आणि धक्का म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जाच होय. आता ते ओढून वेगळे करा. हाताला जोर लावावा लागतो. जोडले जाताना ऊर्जा बाहेर पडली, वेगळे करताना ती द्यावी लागली. वेगळे करताना चुंबकांतून काही ऊर्जा बाहेर उसळली, असे कोणीही म्हणणार नाही.

अणूंच्या बाबतीतही घडते ते असेच. फक्त आकर्षण चुंबकीय नसून विद्युत प्रभारांमधील असते. हायड्रोजनचे दोन सुटे अणू दूर अंतरावर आहेत असे समजू. ते जवळ येऊ लागले की प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढला जातो आणि दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांत सामाईक होतात. या जोडीची एकूण ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी असते. ती सर्वांत कमी होते तेव्हा केंद्रकांमधले अंतर सुमारे ७४ पिकोमीटर असते. अणू त्याहून जवळ आले तर केंद्रकांमधील प्रतिकर्षण वाढू लागते आणि ऊर्जा पुन्हा चढते. हायड्रोजनच्या रेणूचा हा हिशेब पुंजयांत्रिकीच्या आधारे हाइट्लर आणि लंडन या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली प्रथम मांडला.

याचा आलेख काढला तर तो खड्ड्यासारखा दिसतो. सुटे अणू म्हणजे जमिनीची पातळी, बंध म्हणजे खड्ड्याचा तळ. खड्डा जितका खोल तितका बंध बळकट. एक मोल बंध तोडण्यासाठी, म्हणजे तेवढ्या अणूंना तळापासून जमिनीवर आणण्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे बंध-ऊर्जा. हायड्रोजनसाठी ती ४३६ किलोज्यूल आहे.

येथे एक शब्दांचा घोटाळा होतो. ‘बंध-ऊर्जा जास्त’ हे शब्द ऐकल्यावर बंधात भरपूर ऊर्जा भरलेली आहे असे वाटते. प्रत्यक्षात अर्थ उलट आहे. बंध-ऊर्जा जास्त म्हणजे खड्डा खोल, अणू खाली बसलेले, आणि त्यांच्याकडून मिळण्यासारखी ऊर्जा कमी. खोल विहिरीच्या तळाशी असलेल्या धोंड्याकडून काही काम करून घेता येत नाही. काठावरच्या धोंड्याकडून घेता येते.

लँगम्यूर यांची ज्योत

बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला अर्विंग लँगम्यूर हे अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विजेच्या दिव्यांवर संशोधन करत होते. दिव्यातली टंगस्टनची तार निरनिराळ्या वायूंत तापवली तर ती किती उष्णता गमावते, हे ते मोजत होते. हायड्रोजनच्या बाबतीत त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तारेचे तापमान एका मर्यादेपुढे नेले की ती अपेक्षेपेक्षा फारच जास्त उष्णता गमावू लागे.

लँगम्यूर यांनी १९१२ साली त्याचे स्पष्टीकरण दिले. तप्त तारेवर आदळून हायड्रोजनचे रेणू फुटत होते, त्यांचे अणू होत होते, आणि बंध तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा तारेकडून घेतली जात होती. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडत असती तर तार उलट अधिक तापायला हवी होती.

पुढे १९२० च्या दशकात त्यांनी याच गोष्टीचा व्यवहारात उपयोग केला. टंगस्टनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवून त्यातून हायड्रोजनचा झोत सोडला. ठिणगीत रेणू फुटून अणू तयार होतात. हे अणू समोरच्या धातूच्या पृष्ठभागावर पोचताच पुन्हा जोडले जातात, आणि तेथे प्रचंड उष्णता निर्माण होते. तापमान ३००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. धातू जोडण्याच्या या पद्धतीला आण्विक हायड्रोजन वेल्डिंग असे नाव मिळाले. येथे धातूला तापवण्याचे मुख्य काम ज्वलन करत नाही. बंध जुळणे हेच ते काम करते. ही उष्णता किती, याचा अंदाज असा घेता येईल: फक्त २ ग्रॅम आण्विक हायड्रोजनचे रेणू बनताना बाहेर पडणाऱ्या ४३६ किलोज्यूल उष्णतेत सुमारे १.४ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणता येईल.

जमाखर्च

रासायनिक अभिक्रियेत काही बंध तुटतात आणि काही नवे जुळतात. म्हणून ऊर्जेचा हिशेब मांडताना किराणा दुकानदाराच्या वहीसारखे दोन रकाने हवेत. तुटणारे बंध खर्चाच्या रकान्यात, जुळणारे बंध जमेच्या रकान्यात. जमा जास्त असेल तर अभिक्रिया उष्मादायी, खर्च जास्त असेल तर उष्माग्राही.

सोपे उदाहरण हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे घेऊ. दोहोंचा एकेक मोल घेतला की हायड्रोजन क्लोराईडचे दोन मोल तयार होतात.

खर्च: हायड्रोजन–हायड्रोजन बंध ४३६ + क्लोरीन–क्लोरीन बंध २४२ = ६७८ किलोज्यूल
जमा: हायड्रोजन–क्लोरीन बंध २ × ४३१ = ८६२ किलोज्यूल
शिल्लक: १८४ किलोज्यूल

प्रयोगाने मोजलेली उष्णता सुमारे १८५ किलोज्यूल भरते.

आता शेगडीकडे वळू. शहरांत घरोघरी पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनच्या एका मोलला ज्वलनासाठी ऑक्सिजनचे दोन मोल लागतात, आणि कार्बन डायऑक्साईडचा एक व पाण्याच्या वाफेचे दोन मोल तयार होतात.

खर्च: कार्बन–हायड्रोजन बंध ४ × ४१३ = १६५२; ऑक्सिजनच्या रेणूतील दुहेरी बंध २ × ४९८ = ९९६; एकूण २६४८ किलोज्यूल
जमा: कार्बन डायऑक्साईडमधील कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध २ × ७९९ = १५९८; पाण्यातील ऑक्सिजन–हायड्रोजन बंध ४ × ४६३ = १८५२; एकूण ३४५० किलोज्यूल
शिल्लक: ८०२ किलोज्यूल

मोजलेली उष्णताही ८०२ किलोज्यूलच आहे. हिशेब इतका नेमका जुळेल अशी अपेक्षा मात्र दर वेळी ठेवू नये. कार्बन–हायड्रोजन बंधासाठी वापरलेला आकडा अनेक संयुगांवरून काढलेली सरासरी आहे, आणि कोष्टकाप्रमाणे आकड्यांत थोडा फरक पडतो. दोन-चार टक्क्यांचे अंतर पडले तरी मुलांना ते सरासरीमुळे पडले असे सांगावे.

या हिशेबावर एक चांगली शंका निघू शकते. ‘ज्योतीत आधी सगळे बंध तुटतात आणि मग सगळे जुळतात, असे खरेच घडते का?’ नाही. ज्योतीत अनेक पायऱ्या असतात, आणि जुने बंध तुटणे व नवे जुळणे हातात हात घालून चालते. तरीही हिशेब बरोबर येतो, कारण सुरुवात आणि शेवट ठरलेला असला की मधल्या वाटेने एकूण उष्णतेत फरक पडत नाही. हा नियम जी. एच. हेस यांनी १८४० साली सांगितला.

दुसरी शंका काडीबद्दल असते. ‘शेवटी ऊर्जा मिळणारच आहे, तर काडी का लावावी लागते?’ कारण जमा हाती येण्याआधी थोडा खर्च करावा लागतो. पहिले काही बंध ताणले व तुटले जाण्यासाठी लागणारी ही सक्रियण ऊर्जा काडी पुरवते. एकदा नवे बंध जुळू लागले की त्यांच्यापासून मिळणारी उष्णता शेजारच्या रेणूंचा खर्च भागवते आणि ज्योत आपली आपण चालू राहते. बंध तुटण्यानेच ऊर्जा मिळत असती तर काडीची गरजच पडली नसती. गॅस नळातून बाहेर येताच पेटला असता.

ऊर्जा सिलिंडरमध्ये असते का?

वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. कार्बन–हायड्रोजन बंधाची ऊर्जा ४१३, म्हणजे तो चांगला बळकट बंध आहे. त्यात ‘ऊर्जा साठवली आहे’ असे म्हणायला जागाच नाही. दुर्बळ बंध खर्चाच्या रकान्यातच आहे, पण तो इंधनात नसून ऑक्सिजनमध्ये आहे. ऑक्सिजनचा बंध दुहेरी असूनही ४९८ वरच थांबतो. तुलनेसाठी, दोन कार्बन अणूंमधला दुहेरी बंध सुमारे ६१४ आणि कार्बन डायऑक्साईडमधला कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध ७९९. ऑक्सिजनचे अणू आपापसांतल्या या तुलनेने उथळ खड्ड्यातून निघून कार्बन आणि हायड्रोजनबरोबरच्या खोल खड्ड्यांत जातात. ज्वलनाची उष्णता मुख्यतः येथून मिळते.

हे खरे असेल तर इंधन कोणतेही असो, खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या दर मोलमागे मिळणारी उष्णता साधारण सारखीच असायला हवी. ती तशी असते का, हे मुलांकडून तपासून घेता येईल. पुढील तक्त्यात एक मोल इंधनाची ज्वलनउष्णता (पाणी द्रवरूपात तयार होते असे धरून), लागणारा ऑक्सिजन आणि भागाकार दिला आहे.

मिथेन: ८९० किलोज्यूल, ऑक्सिजन २ मोल, दर मोलमागे ४४५
प्रोपेन: २२२० किलोज्यूल, ऑक्सिजन ५ मोल, दर मोलमागे ४४४
ब्युटेन: २८७८ किलोज्यूल, ऑक्सिजन ६.५ मोल, दर मोलमागे ४४३
इथाईल अल्कोहोल: १३६७ किलोज्यूल, ऑक्सिजन ३ मोल, दर मोलमागे ४५६
ग्लुकोज: २८०३ किलोज्यूल, ऑक्सिजन ६ मोल, दर मोलमागे ४६७

पहिल्या स्तंभातले आकडे तिपटीहून अधिक बदलतात. शेवटच्या स्तंभातले जवळजवळ स्थिर आहेत. डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांच्या हे १९१७ सालीच लक्षात आले होते. १९८० साली क्लेटन हगेट यांनी हाच नियम आगीच्या अभ्यासासाठी वापरला. जळणारी वस्तू लाकूड असो की प्लास्टिक, हवेतला किती ऑक्सिजन संपला एवढे मोजले की दर ग्रॅमला सुमारे १३.१ किलोज्यूल या दराने आगीची उष्णता काढता येते. ऑक्सिजनच्या दुर्बळ दुहेरी बंधाशी या नियमाचा संबंध क्लाऊस श्मिट-रोर यांनी २०१५ साली रसायनशास्त्राच्या शिक्षणाला वाहिलेल्या एका नियतकालिकात उलगडून दाखवला.

आता स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा हिशेब करू. त्यात प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि भरलेल्या वायूचे वजन १४.२ किलो असते. ब्युटेनच्या ५८ ग्रॅमला २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. या प्रमाणाने एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ५१ किलो ऑक्सिजन वापरला जातो. त्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत आणि तो दिसत नाही, म्हणून तो हिशेबातून सुटतो. ऊर्जा सिलिंडरमध्ये असते असे म्हणण्यापेक्षा ती सिलिंडरमधला वायू आणि खिडकीतून येणारी हवा या जोडीत असते असे म्हणणे योग्य ठरेल.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. स्नानगृहात बसवलेला गॅसचा गिझर दार-खिडक्या बंद करून चालवला तर ऑक्सिजन कमी पडू लागतो. वायू तेवढाच जळतो असे वाटते, पण कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साईडपर्यंत न पोचता कार्बन मोनॉक्साईडवरच थांबतो. उष्णता तर घटतेच, शिवाय तयार होणारा हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद स्नानगृहात माणसे बेशुद्ध पडण्याच्या, दगावण्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात त्या यामुळेच. ‘ऊर्जा गॅसमध्ये असते’ एवढेच शिकलेल्या मुलाला खिडकी उघडी का हवी ते कळत नाही. निळी ज्योत पिवळी होणे आणि भांड्यांची बुडे काळी पडणे या खुणाही हवेच्या कमतरतेच्याच आहेत, हे वर्गात जरूर सांगावे.

बळकट बंध, दुर्बळ बंध आणि पदार्थाचा स्वभाव

खड्ड्याचे चित्र एकदा मनात बसले की पदार्थांचे अनेक गुणधर्म पाठ करावे लागत नाहीत. नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंधाची ऊर्जा ९४५ किलोज्यूल आहे. म्हणून हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन असूनही तो आपल्या फुप्फुसांत ये-जा करतो आणि कशाशीही संयोग पावत नाही. बटाट्याच्या वेफर्सच्या पिशवीत हवेऐवजी नायट्रोजन भरतात तो याच कारणासाठी. याउलट फ्लोरीनचा बंध केवळ १५८ चा. तो सहज तुटतो, आणि फ्लोरीनचे इतर मूलद्रव्यांशी जुळणारे बंध मात्र फार बळकट असतात. हायड्रोजनशी जुळणारा तर सुमारे ५६७ चा. खर्च थोडा, जमा मोठी. म्हणून फ्लोरीन इतका क्रियाशील. हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये दोन ऑक्सिजन अणूंमधला एकेरी बंध असाच दुर्बळ असतो. म्हणून औषधाच्या दुकानात तो गडद रंगाच्या बाटलीत मिळतो, आणि उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवावा लागतो.

स्फोटकांकडेही असेच पाहावे. अनेक स्फोटकांत नायट्रोजनचे अणू इतर अणूंना तुलनेने दुर्बळ बंधांनी जोडलेले असतात. स्फोटात ते एकमेकांना भेटून ९४५ चा बंध जुळवतात. कार्बन आणि हायड्रोजनही ऑक्सिजनशी बळकट बंध जुळवतात. विध्वंस घडवणारी ऊर्जा ही जुळणीची आहे.

तोच नायट्रोजन खतासाठी हवा असतो तेव्हा मात्र ९४५ चा बंध आडवा येतो. नायट्रोजनच्या एका आणि हायड्रोजनच्या तीन मोलपासून अमोनियाचे दोन मोल बनतात. खर्च ९४५ + ३ × ४३६ = २२५३; जमा नायट्रोजन–हायड्रोजनचे सहा बंध, ६ × ३९१ = २३४६; शिल्लक ९३ किलोज्यूल. म्हणजे अभिक्रिया उष्मादायी आहे. तरीही हवेत हायड्रोजन सोडला तर अमोनिया बनत नाही, कारण सुरुवातीचा खर्च फार मोठा. फ्रिट्झ हाबर यांनी ही अभिक्रिया १९०९ साली प्रयोगशाळेत करून दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आजही अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यासारख्या ठिकाणी अमोनिया तयार होतो तो लोहयुक्त उत्प्रेरक, उच्च दाब आणि ४०० ते ५०० अंशांच्या आसपासचे तापमान वापरून. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाशी नवे बंध जुळत असताना जुना बंध सैल होत जातो आणि सुरुवातीचा डोंगर बुटका होतो.

एटीपीचे काय?

आता जीवशास्त्राच्या तासाकडे जाऊ. एटीपीच्या रेणूत तीन फॉस्फेट गट एका ओळीत असतात. १९४१ साली फ्रिट्झ लिपमन यांनी त्यांच्यामधील बंधांसाठी वळणदार रेघेचे चिन्ह वापरले आणि ‘उच्च ऊर्जेचा फॉस्फेट बंध’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. लिपमन यांचा आशय बरोबर होता. त्यांना पेशीतल्या ऊर्जेच्या देवघेवीचे चलन दाखवायचे होते. पाठ्यपुस्तकांतून तो आशय गळला आणि ‘बंधात ऊर्जा आहे’ एवढेच उरले.

प्रत्यक्षात एटीपीचा बंध नुसता तुटत नाही. त्याची पाण्याशी अभिक्रिया होते. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांमधला एक बंध व पाण्यातला एक ऑक्सिजन–हायड्रोजन बंध तुटतो. हा खर्च. त्याच वेळी फॉस्फरस व ऑक्सिजन यांमधला दुसरा बंध आणि एक नवा ऑक्सिजन–हायड्रोजन बंध जुळतो. ही जमा. याशिवाय आणखी दोन गोष्टी जमेच्या बाजूला पडतात. एटीपीमध्ये ऋणप्रभार असलेले गट दाटीवाटीने बसलेले असतात. सुटे झाल्यावर त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी होते. आणि तयार झालेला सुटा फॉस्फेट अधिक स्थिर असतो, पाण्याचे रेणू त्याला चांगले वेढून घेतात. या सगळ्याची गोळाबेरीज करून प्रमाण परिस्थितीत दर मोलला सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. म्हणून जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ‘एटीपीचे जलविच्छेदन होताना ऊर्जा मिळते’ असे म्हणावे. ‘बंध तुटताना ऊर्जा मिळते’ असे म्हणू नये. वाक्य फक्त दोन शब्दांनी बदलते, पण दोन तासांमधला तंटा मिटतो.

भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू या दोन विषयांचा छान सांधा जुळवतात. कारखान्यातल्या भट्टीशिवाय, शेतातल्या साध्या तापमानाला ते नायट्रोजनचा तिहेरी बंध सोडवतात. त्यांच्याकडे त्यासाठी खास विकर आहे, तरीही हे काम फुकट होत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी खर्ची पडतात. बंध तोडायला ऊर्जा लागते, हे जिवाणूंच्या वहीतही लिहिलेले आहे.

रेणूंच्या आपसातली ओढ

हाच नियम रेणूच्या आतल्या बंधांइतकाच रेणूरेणूंमधल्या दुबळ्या आकर्षणालाही लागू पडतो. पाणी उकळले की ‘पाण्याचे बंध तुटतात’ असे मुले लिहितात. कोणते बंध? एक मोल पाण्याची १०० अंशांना वाफ करायला ४०.७ किलोज्यूल लागतात. पाण्याच्या रेणूंचे हायड्रोजन व ऑक्सिजनचे अणू वेगळे करायचे तर २ × ४६३, म्हणजे ९२६ किलोज्यूल लागतील. उकळताना रेणू अखंडच राहतात. एकमेकांना धरलेले हात फक्त सुटतात. पण ते सोडवायलाही ऊर्जा लागतेच. माठाच्या भिंतीतून पाझरणारे पाणी ती ऊर्जा माठातल्या पाण्याकडून घेते, म्हणून माठातले पाणी गार होते. उलट वाफेचे पुन्हा पाणी होताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा भयंकर असतो.

एक प्रयोग सहज करता येण्यासारखा आहे. पेल्यात थोडे पाणी घेऊन त्याचे तापमान नोंदवावे. त्यात खताच्या युरियाचे दोन-तीन चमचे टाकून ढवळावे आणि पुन्हा तापमान पाहावे. ते चांगलेच उतरते. युरियाच्या स्फटिकातले रेणू एकमेकांपासून सोडवण्याचा खर्च, त्यांना पाण्याशी जोडण्याच्या जमेपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या पेल्यात हाच प्रयोग कपडे धुण्याच्या सोड्याचा (निर्जल, कोरडी पूड) करून पाहावा. तेथे तापमान चढते. दोन्ही पेल्यांसाठी मुलांना दोन रकाने मांडायला लावावेत.

वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट, ‘बंधात साठवलेली ऊर्जा’ हा शब्दप्रयोग टाळावा. इंधनाबद्दल बोलताना ‘इंधन आणि ऑक्सिजन’ अशी जोडीच उच्चारावी. प्रकाशसंश्लेषण शिकवतानाही हे सोयीचे पडते: सूर्याच्या ऊर्जेने वनस्पती एकीकडे ग्लुकोज बनवते आणि दुसरीकडे ऑक्सिजन सोडते. ती दोन्ही वेगळी ठेवली जातात, म्हणून पुढे ती भेटली की ऊर्जा परत मिळते.

दुसरी गोष्ट, उष्मादायी किंवा उष्माग्राही असे उत्तर आले की तेथे थांबू नये. ‘कोणते बंध तुटले, कोणते जुळले?’ असे विचारावे. ‘दुर्बळ बंध तुटून बळकट बंध जुळले, म्हणून उष्णता बाहेर पडली’ हे एक पूर्ण वाक्य मुलांच्या तोंडी बसले पाहिजे.

तिसरी गोष्ट, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसून आपापल्या टिपणांतली वाक्ये ताडून पाहावीत. अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि चाचणीसाठी एक प्रश्न. इस्रोच्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजनबरोबर द्रवरूप ऑक्सिजनही भरलेला असतो. १ किलो हायड्रोजन पूर्ण जाळायला ८ किलो ऑक्सिजन लागतो. वजनाचा प्रत्येक ग्रॅम जेथे मोलाचा, तेथे एवढे ओझे का न्यावे लागते? ‘कारण वर हवा नाही’ या उत्तराला अर्धे गुण द्यावेत. उरलेले अर्धे गुण, पाण्यातले ऑक्सिजन–हायड्रोजन बंध जुळल्याशिवाय ऊर्जा मिळणारच नाही हे ज्याने लिहिले असेल, त्याला द्यावेत.